एजंटाचे टेबल, सावकाराचा ओटा, ठाण्यातले बाक : आखातात जाणाऱ्या कामगारांविषयी खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक,
आणि कोकणातील सर्व आमदार-खासदार

सनविवि.

खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा इथून माणसे आखातात जातात, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. गिरण्यांच्या काळात मुंबईच्या मनीऑर्डरीवर कोकणातल्या चुली पेटत. पुढे त्याच वाटेने दुबई, मस्कत, कुवेत, दोहा, जेद्दा आले. तिकडे पगार थकला, पासपोर्ट अडकला किंवा माणूस दगावला, की घरचे तुमच्या कार्यालयात येतात आणि तुम्ही परराष्ट्र मंत्रालयाला पत्र देता. ते पत्र लागतेच. पण त्या पत्राची वेळ येईपर्यंत खरे नुकसान होऊन कित्येक महिने उलटलेले असतात, आणि ते झालेले असते तालुक्याच्या ठिकाणी: एजंटाच्या टेबलावर, सावकाराच्या ओट्यावर, पोलीस ठाण्यातल्या बाकावर. दुबईतल्या कंपनीवर तुमचा अधिकार चालत नाही. या तीन जागांवर चालतो. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता तुम्हाला लिहितो आहोत.

आधी हिशेब मांडतो, कारण बाकी सगळे त्यातूनच निघते.

नोंदणीकृत एजंट कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. पावती देणे त्याला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात हेल्पर, ड्रायव्हर, वेल्डर यांच्याकडून लाख-दीड लाख मागितले जातात. धरा, दीड लाख दिले आणि ते शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचलले. नोकरी १,००० दिरहमची, राहणे-खाणे कंपनीचे. दिरहम २४ रुपयांचा धरला तर महिन्याचे २४,००० झाले. त्यातले १८,००० घरी आले. ९,००० घरखर्चाला गेले, ९,००० सावकाराला. पहिल्या महिन्याचे व्याजच ४,५०० आहे. या गतीने कर्ज फिटायला २४ महिने लागतात, आणि करार असतो दोन वर्षांचा. दोन वर्षांच्या उन्हातून घरात काहीच शिल्लक पडत नाही. त्याच घराने फक्त कायद्यातले ३५,४०० उचलले असते, तर तेवढाच हप्ता भरून ते पाचव्या महिन्यात मोकळे झाले असते.

आता यातली एकच गोष्ट बदला. तिथे पोचल्यावर पगार १,००० ऐवजी ८०० दिरहम निघाला. घरी ४,८०० रुपये कमी आले. सावकाराला द्यायला उरले ४,२०० आणि व्याज आहे ४,५००. माणूस रोज राबतो आहे आणि गावाकडचे कर्ज महिन्यागणिक वाढते आहे. अशात कोणी दुसरीकडे दोनशे दिरहम जास्त देतो म्हटले की तो कंपनी सोडतो. कंपनी फरार झाल्याची तक्रार टाकते, व्हिसा रद्द होतो आणि तो खल्लीवल्ली, म्हणजे तिथला बेकायदा रहिवासी, होतो. मग दवाखाना बंद, बँक बंद, घरी येण्याची वाट बंद. गावात लोक म्हणतात, पोराने नसता शहाणपणा केला. वरचा हिशेब त्या पोराला रोज रात्री बंकवर पडल्या पडल्या दिसत असतो, हे गावाला ठाऊक नसते.

हे जास्तीचे पैसे नेमके कसे घेतले जातात ते पाहा. परवानाधारक एजंटाचे कार्यालय बहुतेक वेळा मुंबईत. गावात फिरतो तो सब-एजंट, नात्यातला किंवा ओळखीचा, स्वतः कधीतरी जाऊन आलेला. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात सब-एजंट नावाची चीजच नाही. परवाना नसताना भरती करणे हा कलम १० चा भंग आहे, मग तो कितीही मोठ्या परवानाधारकाचे नाव सांगो. पैसे तीन टप्प्यांत जातात. पासपोर्ट ताब्यात घेताना ‘फाइल’चे पाच-दहा हजार. मेडिकलच्या दिवशी मुंबईत मोठा हप्ता, रोख. उरलेले तिकीट हातात देताना, तेही रोख. पावती झालीच तर ३५,४०० ची होते. बाकी रकमेला ‘व्हिसाचा खर्च’ म्हणतात. हा शब्द ऐकला की तुमच्या अधिकाऱ्यांनी तिथेच थांबवून विचारले पाहिजे, कारण संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायला मालकाला मनाई आहे. व्हिसाची किंमत कामगाराने द्यायची, असे दोन्हीकडच्या कायद्यांत कुठेही नाही.

मेडिकलचेही एक सांगायला हवे. गामकाच्या, म्हणजे आखाती देशांनी मान्यता दिलेल्या केंद्रांच्या, वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयाचा डाग दिसला, तरी माणूस अनफिट ठरतो. दहा वर्षांपूर्वी पूर्ण बरा झालेला असला तरी. तोवर ‘फाइल’चे पैसे गेलेले असतात, हातची नोकरी सोडलेली असते. उपजिल्हा रुग्णालयात आधीच एक साधा एक्स-रे काढून घेतला तर हे कळते. जो कामगार मागेल त्याला तो काढून द्यावा, एवढा आदेश जिल्हा शल्यचिकित्सकांनी काढला तरी कित्येक घरांचे पैसे वाचतील.

आता कराराकडे येऊ. अमिरातीत काम देणारी कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात ऑफर लेटर काढते. त्यावर क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पुढचा करार या ऑफर लेटरशी जुळलाच पाहिजे, असा नियम आहे. हे पत्र अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही मिळते. त्या भाषांत हिंदी आणि उर्दू आहेत, मराठी नाही. म्हणजे आपल्या माणसाला वाचता येईल असा कागद अस्तित्वात असतो. पण तो त्याला मिळतो विमानतळावर, पासपोर्ट आणि तिकिटासोबत एका पाकिटात, नाहीतर मिळतच नाही. सही आधीच कोऱ्या किंवा न वाचलेल्या पानांवर झालेली असते.

त्या कागदात सगळ्यात आधी पाहायचा तो आकडा म्हणजे मूळ पगार. एजंट तोंडाने सांगतो तो एकूण पगार. १,००० दिरहममध्ये मूळ ६०० आणि भत्ते ४०० अशी फोड असेल, तर ओव्हरटाइम ६०० वर धरला जातो आणि नोकरी संपतानाची ग्रॅच्युइटीही ६०० वरच. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. मूळ १,००० असेल तर पाच वर्षांचे ३,५०० दिरहम होतात, ६०० असेल तर २,१००. फोडीच्या एका ओळीत १,४०० दिरहम गेले. त्याखालोखाल पाहायचे ते कामाचे नाव (इलेक्ट्रिशियन म्हणून नेले आणि व्हिसावर ‘लेबर’ असेल, तर तिथे इलेक्ट्रिशियनचा पगार मागता येत नाही), मग खाणे कोणाचे, आणि करार संपल्यावरचे परतीचे तिकीट कोणाचे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क तिथल्या कायद्याने दिलेला आहे, हे कुठल्याच एजंटाच्या तोंडून ऐकू येत नाही.

‘आझाद व्हिसा’ म्हणून विकला जातो तो प्रकार वेगळाच. कफील, म्हणजे कागदावरचा मालक, एक आणि काम दुसरीकडेच. स्वातंत्र्य वाटते, पण कागदावर ज्याच्याकडे नोकरी आहे त्याच्याकडे काम नाही, आणि जिथे काम आहे तिथे कागद नाही. पगार बुडाला तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून घेऊ, असे सांगणाऱ्याचेही तेच. त्या माणसाची नोंद इकडच्या कोणत्याही यंत्रणेत कामगार म्हणून होत नाही.

नोंदीचा मुद्दा कोकणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे कोणी बोलत नाही. १९८३ च्या कायद्याच्या अंमलात दहावी पास माणूस स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, असे धरले गेले. त्यामुळे दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी, अशी नोंद असते आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या केंद्राच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीसाठी केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मालक, मागणी, करार आणि विमा असे सगळे चढवावे लागते. आज कोकणातून जाणारे बहुतेक तरुण दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेले आहेत. ते ईसीआरमध्ये बसत नाहीत. त्यांना मंजुरी नाही, सक्तीचा विमा नाही, कराराची छाननी नाही. अशा ईसीएनआर, म्हणजे मंजुरी न लागणाऱ्या, पासपोर्टवाल्यांसाठी ई-मायग्रेटवर स्वेच्छेने नोंदणी करण्याची सोय २०१८ पासून आहे. ती किती जणांना माहीत आहे हे तुमच्याच तालुक्यातल्या कोणत्याही आयटीआयमध्ये जाऊन विचारून पाहा. शिक्षणाने वर आलेला मुलगा संरक्षणाच्या बाबतीत मात्र आपल्या न शिकलेल्या चुलत्यापेक्षा उघड्यावर पडला आहे.

ठाण्यात काय होते तेही स्पष्ट लिहितो. पैसे बुडालेला माणूस तक्रार घेऊन जातो. त्याला सांगतात, हा पैशाच्या देवघेवीचा वाद आहे, कोर्टात जा. फार झाले तर अर्ज चौकशीवर ठेवतात. गुन्हा दाखल झालाच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणूक म्हणून. एमिग्रेशन कायद्याची कलमे लागत नाहीत. कारण विचारले तर उत्तर मिळते की केंद्राची पूर्वपरवानगी लागते. कलम २७ पुरते वाचले तर हे उत्तर अर्धेच आहे. पूर्वपरवानगीची अट आहे, पण त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या वाक्यात, लिहिले आहे की तक्रार खुद्द जाणाऱ्या कामगाराने, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालकाने केली असेल, तर परवानगी लागत नाही. गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस अधीक्षकांनी हे परंतुक छापून प्रत्येक ठाण्याला एका पानाचे परिपत्रक पाठवले तर ‘दिवाणी स्वरूप’ हा शेरा निम्म्या अर्जांवरून निघून जाईल, अशी आमची खात्री आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड फक्त दोन हजार रुपयांपर्यंत आहे, हेही इथे नोंदवतो. एका कामगाराकडून लाखभर वरकड घेणाऱ्याला दोन हजारांचा दंड ही १९८३ ची रक्कम आहे. ती बदलणे संसदेचे काम आहे आणि कोकणचे खासदार संसदेतच बसतात.

सावकाराचा ओटा जिल्ह्याच्या अखत्यारीत पूर्णपणे येतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालाही विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. शेकडा तीन म्हणजे वर्षाचे ३६. परवाना नसेल तर सगळा व्यवहारच बेकायदा. तक्रार घ्यायची जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांनी. पण नुसत्या धाडी घालून भागणार नाही, कारण जाणाऱ्याला पैसे लागतातच आणि बँक त्याला दारात उभे करत नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकेने आणि पतसंस्थांनी ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘परदेश नोकरी कर्ज’ सुरू करावे. अट एकच ठेवावी: रक्कम कामगाराच्या हाती रोख न देता, परवाना तपासून एजंटाच्या बँक खात्यात भरायची. त्यामुळे पावती आपोआप तयार होईल आणि ३५,४०० च्या वरची मागणी उघडी पडेल. हप्ता तीन महिन्यांनी सुरू व्हावा, कारण पहिला पगार यायला तेवढा वेळ जातो.

मृत्यूबद्दल थोडे लिहितो. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले, तेव्हा चार दिवस सगळ्यांचे लक्ष तिकडे होते. पण बहुतेक माणसे अशी एकत्र जात नाहीत. खोलीत झोपेत जातात आणि कागदावर ‘हृदयक्रिया बंद, नैसर्गिक मृत्यू’ असे लिहून येते. ईसीआर कामगारांना सक्तीचा असलेला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये (अधिक कर) हप्त्यात मिळतो. दहा लाखांचे संरक्षण आहे, पण ते अपघाती मृत्यू आणि अपघाताने आलेल्या कायम अपंगत्वाचे. नैसर्गिक लिहिले की ते दहा लाख नाहीत. पॉलिसीची प्रत एजंटाकडेच राहते, त्यामुळे अपघाती प्रकरणातही घरच्यांना क्रमांक ठाऊक नसतो. पार्थिव आणायला तिकडचा मृत्यूचा दाखला, पोलीस अहवाल, व्हिसा रद्द केल्याचा कागद, एम्बामिंगचा (पार्थिव टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला आणि इकडून वारसांचे संमतिपत्र लागते. त्यात सर्वाधिक दिवस जातात नावांच्या घोळात: पासपोर्टवर वडिलांचे नाव एक, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर आडनावच नाही. मामलेदार कचेरीतून त्याच दिवशी वारस-ओळखीचा दाखला निघाला तर चार-पाच दिवस वाचतात. मालक खर्च देत नसेल तर दूतावासाच्या इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून तो मागता येतो; तशी मागणी अर्जात लिहूनच करायची, नुसती ‘मदत व्हावी’ अशी विनंती नको.

हे सगळे आपण कशासाठी सोसतो, हा प्रश्न उरतोच. दोन देशांतल्या पगारांतल्या दरीसाठी. ती दरी खरी आहे आणि तिच्यामुळे माणसे जात राहणार, त्यांना अडवावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पण ती दरी तिकडे पोचल्यावरही पासपोर्ट पाहून मोजली जाते. सौदी आणि ओमानमध्ये खाजगी क्षेत्राचे किमान वेतन तिथल्या नागरिकांसाठी ठरलेले आहे, परदेशी कामगारासाठी नाही. सगळ्या देशांच्या कामगारांना एकच किमान वेतन, १,००० रियाल आणि मालक सोय देत नसेल तर शिवाय राहण्याचे ५०० व जेवणाचे ३००, असे लागू केले ते कतारने, २०२१ च्या मार्चमध्ये. आणि आपण काय केले? सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच केंद्र सरकारने आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी ठरवलेले किमान संदर्भ वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले; तेलंगणा उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, त्यानंतर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. त्या दहा महिन्यांत कोकणच्या एकाही लोकप्रतिनिधीने या विषयावर आवाज उठवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळचा १९.७. त्यात मुंबई-पुण्याच्या अभियंत्यांचे अमेरिकी डॉलरही आहेत, मान्य. पण केरळात परदेशी गेलेल्या केरळींसाठी नोर्का हा राज्य सरकारचा स्वतंत्र विभाग १९९६ पासून आहे, परतलेल्यांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, पेन्शन आहे. मंडणगडच्या माणसाला मात्र अजून तहसीलदार कचेरीत कोणत्या खिडकीवर जायचे तेही माहीत नाही.

तेव्हा पहिली मागणी त्या खिडकीचीच. प्रत्येक तहसील कार्यालयात आठवडा बाजाराच्या दिवशी चार तास एक टेबल लावा. एक लिपिक, एक संगणक, एक प्रिंटर पुरे. येणाऱ्याने एजंटाचा परवाना क्रमांक सांगायचा. लिपिकाने ई-मायग्रेटवर तो चालू आहे की संपलेला हे पाहून त्या पानाची छापील प्रत द्यायची. नोंदणी नसलेल्या, तक्रारी आलेल्या एजंटांची यादीही तिथेच असते, तीही पाहायची. ऑफर लेटर आणले असेल तर क्रमांक तपासायचा आणि मूळ पगार, कामाचे नाव, खाणे, तिकीट या चार ओळी मराठीत एका कागदावर उतरवून द्यायच्या. एकाला वीस मिनिटे लागतील. ईसीएनआर असेल तर तिथल्या तिथे नोंदणी करून द्यायची. पासपोर्ट, करार आणि विम्याची एक प्रत सीलबंद पाकिटात घरच्यांसाठी ठेवायची सवय लावायची.

हे टेबल मे महिन्याच्या सुट्टीआधी आणि पुन्हा गणपतीआधी सुरू झालेले असावे. सुट्टीवर आलेल्यांच्या नव्या घरांकडे पाहून गावातली पोरे याच दिवसांत तयार होतात आणि सब-एजंटही याच दिवसांत फिरतात. सुरुवात सगळीकडे एकदम जमणार नसेल तर खेड, मंडणगड आणि श्रीवर्धन या तीन तालुक्यांपासून करा. टेबलामागे लावायच्या फलकाचा मजकूर, ठाण्यांसाठी कलम २७ च्या परंतुकाची मराठी प्रत आणि लिपिकाच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाची टिपणे आम्ही तयार करून ठेवली आहेत. तारीख कळवा, घेऊन येतो.

आपले,
आखातात जाणाऱ्या आणि तिथून परतलेल्या कामगारांच्या कागदपत्रांचे काम करणारे कार्यकर्ते,
उत्तर रत्नागिरी व दक्षिण रायगड